भग्न मठांची चित्रे आणि 'काळाचा ओघ'

वसई परिसरातील धर्मग्रामांच्या सुवर्णमहोत्सवी किंवा शतकमहोत्सवी स्मरणिका चाळू लागले, की एक चित्र हटकून भेटते. किल्ल्यातील एखाद्या चर्चची छप्पर हरपलेली भिंत, भिंतीच्या भेगेतून वर गेलेले झाड आणि रिकाम्या खिडकीतून दिसणारे आभाळ. कधी ते जलरंगांतले असते, कधी छायाचित्र असते. त्याखाली बहुधा एकाच आशयाची ओळ असते: काळाच्या ओघात ही वास्तू भग्न झाली. ओळ वाचून, क्षणभर हळहळून आपण पान उलटतो. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या ओळीविषयी, आणि भग्न वास्तूकडे अशा नजरेने पाहण्याची सवय ज्या चित्रपरंपरेने लावली तिच्याविषयी लिहावयाचे आहे.

ही परंपरा आपल्या मातीतली नाही. ती युरोपातली आहे, आणि तिचा ऐन बहर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात आला. तत्पूर्वीही भग्न मंदिरे चित्रांत दिसत. सतराव्या शतकात याकोब व्हान राउसडाल या डच चित्रकाराने 'ज्यू दफनभूमी' हे चित्र दोनदा रंगवले. त्यांपैकी एक आज ड्रेस्डेनला आहे, दुसरे अमेरिकेत डेट्रॉइटला. त्यांतली थडगी अॅमस्टरडॅमनजीकच्या औडरकेर्क येथील खऱ्या ज्यू दफनभूमीतली आहेत, मात्र मागे उभे असलेले भव्य भग्नावशेष त्या जागी कधीच नव्हते. चित्रकाराने ते आपल्या पदरचे आणून तेथे उभे केले. म्हणजे तेव्हापासूनच भग्न वास्तू ही चित्रकाराच्या हातातली हलवता येण्याजोगी वस्तू झाली होती. मृत्यूची आठवण करून द्यायची, की एक पडकी कमान उचलून मागे ठेवायची. पण राउसडालच्या चित्रात निदान कबरी आहेत, आणि त्या कोणाच्या आहेत हे ओळखता येते. पुढे तेही गेले.

पुढचे उदाहरण इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरचे आहे. वाय नदीच्या काठी टिंटर्न येथे ११३१ साली सिस्टर्शियन संघाच्या मठवासीयांनी मठ स्थापन केला. आज जे भव्य चर्च तेथे भग्नावस्थेत उभे आहे ते तेराव्या शतकात बांधावयास घेतले गेले व १३०१ साली त्याचा अभिषेक झाला. सव्वादोनशेहून अधिक वर्षे तेथे दिवसरात्रीच्या ठरल्या प्रहरी स्तोत्रे गाइली गेली. मग आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करण्याचा सपाटा लावला आणि ३ सप्टेंबर १५३६ रोजी टिंटर्नच्या मठाधिपतींनी तो मठ राजाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला. छपरावर शिशाचे पत्रे होते. शिसे मोलाचे. ते उतरवून विकले गेले. ज्या इमारतीचे छप्पर उतरवले तिच्यात पाऊस शिरणारच, लाकूड कुजणारच आणि मग भिंतींच्या माथ्यावर बी रुजणारच. पाऊस आणि वेली यांनी केले ते नंतरचे काम. आरंभ राजाज्ञेने झाला होता, आणि त्या आज्ञेला तारीख आहे.

आता चित्रकार काय पाहतात ते पाहू. १७७० साली विल्यम गिल्पिन नावाचे एक अँग्लिकन धर्मगुरू वाय नदीतून होडीने गेले आणि १७८२ साली त्यांनी त्या प्रवासावर पुस्तक प्रसिद्ध केले. निसर्गदृश्य 'चित्रासारखे' केव्हा दिसते, कोणत्या जागेवरून कोणती वस्तू पाहावी, याचे नियम या पुस्तकाने सुशिक्षित इंग्रज वाचकांना घालून दिले. टिंटर्नच्या चर्चवर उगवलेली आयव्हीची वेल त्यांना मनापासून आवडली. एक गोष्ट मात्र खटकली: भिंतींची त्रिकोणी टोके फारच शाबूत आणि रेखीव राहिली होती, ती डोळ्यांत सलत होती. एखाद्याने हातोडा घेऊन विवेकाने त्यांतली काही टोके फोडली तर दृश्य सुधारेल, असे या सज्जनांनी लिहून ठेवले आहे. ते थट्टेने लिहिले की गांभीर्याने, यावर मतभेद होऊ शकतील. एका धर्मगुरूने दुसऱ्या धर्मगुरूविषयी लिहिताना जपून लिहावे हेही खरे. पण ज्या चर्चवर एकदा हातोडा पडला होता, तेथे दृष्टिसुखासाठी आणखी एकदा तो मारावा, ही सूचना थट्टेत तरी सुचावी कशी?

तथापि गिल्पिन यांच्याच पुस्तकात असा एक प्रसंग आहे, की त्यासाठी आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्या भग्न मठाच्या आडोशाने गरीब लोक झोपड्या बांधून राहत होते आणि भीक मागत होते. त्यांतली एक स्त्री, जिला धड चालताही येत नव्हते, या पाहुण्यांना मठवासीयांचे ग्रंथालय दाखवते म्हणून पुढे झाली. अंग ओढत ओढत ती त्यांना घेऊन गेली आणि पाहतात तर काय, ओल चढलेल्या भिंतींची ती तिची स्वतःचीच राहण्याची जागा होती. दाखवावयाचे होते ते हेच. ग्रंथालय नव्हतेच. तिच्यापाशी दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिचे दैन्य. गिल्पिन यांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले, माणुसकीने नोंदवले, आणि मग ते पुन्हा दृश्याकडे वळले.

आम्हांला या प्रसंगात सगळा प्रश्न सापडतो. मठ होता तेव्हा दारी आलेल्याला अन्न आणि निवारा देणे हे संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार मठाचे कर्तव्यच होते. पाहुण्यात ख्रिस्त पाहावा, अशी त्या नियमाची शिकवण आहे. मठ सदैव तसा वागला असेल असे आम्ही म्हणत नाही. मठांतही आळस आणि लोभ शिरला होता. पण मठ गेला आणि दारी आलेली स्त्री तेवढी उरली. चित्र काढावयाचे तर ते तिचे काढावयास हवे होते.

जोसेफ टर्नर १७९४ साली एकोणीस वर्षांचा होता. त्या वर्षीची त्याची टिंटर्नची जलरंगचित्रे आज लंडनच्या संग्रहालयांत आहेत. मुद्रित प्रतींवरून आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावर मोठ्या आकारात ती पाहता येतात. आमचा परिचयही तेवढाच आहे. या वयात हा हात! खालून वर पाहताना कमानी उंच उंच जात राहतात, दगडावरचा प्रकाश ओलसर वाटतो, वेलींच्या झुबक्यांआडून निळसर आभाळ झिरपते. तळाशी अगदी लहान मानवाकृती आहेत, त्या भिंतींची उंची कळावी एवढ्यापुरत्या. चित्रकला म्हणून यात उणे काढण्याची आमची पात्रता नाही. पण हे चित्र पाहून कोणालाही वाटावे की ही इमारत जणू टेकडीसारखी जमिनीतून उगवली, वाढली आणि आता पिकून गळत आहे. तेथे कोणी राहत होते, कोणी त्यांना बाहेर काढले, कोणी शिसे विकले, यांतले काहीही चित्राला ठाऊक नाही. वेल एवढी सुंदर आहे की तिच्याआड गुन्हा झाकला गेला आहे.

वर्ड्सवर्थच्या विख्यात कवितेचीही तीच गत. १७९८ च्या त्या कवितेच्या शीर्षकात टिंटर्नच्या मठाचे नाव आहे. कवितेत मठ नाही. कवी मठापासून काही मैल वर उभा आहे आणि त्याला नदी, झाडे, स्वतःचे मन, सारे काही दिसते.

एक गमतीची नोंद येथेच करून टाकतो. ज्या वेलीपायी एवढे कुंचले झिजले ती आज टिंटर्नला नाही. १९०१ साली ब्रिटिश राजसत्तेनेच तो मठ विकत घेतला आणि त्यानंतरच्या जतनाच्या कामात वेली काढून टाकण्यात आल्या, कारण त्यांची मुळे भिंती फोडत होती. चित्रकारांची लाडकी वेल आणि वास्तू यांचे हित कधीच एक नव्हते.

फ्रान्समध्ये मात्र हातोडा डोळ्यांसमोरच पडत होता. ह्यूबेर रोबेर हा तिथला भग्नावशेषांचा नामवंत चित्रकार. रोमन अवशेषांची गोड चित्रे काढून त्याने सरदार-दरकदारांचे दिवाणखाने सजवले होते. १७९३ च्या ऑक्टोबरात क्रांतिकारकांनी सेंट-डेनिसच्या महामंदिरातील राजांची थडगी उकरली, आणि रोबेरने ते उघडे पडलेले तळघर रंगवले. पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयातले हे चित्र पाहताना जन्मभर गोडव्यात रमलेला हात जरा थबकल्यासारखा वाटतो. येथे वेल नाही. वेल उगवायला वेळच मिळालेला नाही.

आता आम्ही ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या चित्रकाराकडे वळतो. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश याचा जन्म १७७४ साली बाल्टिक समुद्राकाठच्या ग्राइफ्सवाल्ड गावी झाला. तो लुथरन पंथाचा होता, आपल्या पंथाचा नव्हे. बालपणीच आई गेली. तेरा वर्षांचा असताना डोळ्यांदेखत भाऊ बुडून मेला. गावानजीक एल्डेना येथे सिस्टर्शियनांचाच एक मठ भग्नावस्थेत होता. ११९९ साली स्थापन झालेला हा लाल विटांचा मठ धर्मसुधारणेच्या लाटेत १५३५ साली बरखास्त झाला. पुढे तीस वर्षांच्या युद्धाने त्याला ग्रासले आणि नंतर स्वीडिश अमदानीत त्याच्या विटा काढून तटबंदीच्या बांधकामाला लावल्या गेल्या. उरली ती पश्चिमेची उंच भिंत, तिच्यातली मोठी खिडकी आणि काही कमानी.

ही भिंत फ्रीडरिशने आयुष्यभर काढली. १८०९–१० मधले 'ओकच्या वनातील मठ' हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध चित्र. सुमारे ११० सेंटिमीटर उंच आणि १७१ सेंटिमीटर रुंद अशा या तैलचित्राचा खालचा भाग जवळजवळ काळोखात आहे. वर पिवळसर, मंद उजेडाचे आभाळ आणि त्यात चंद्राची बारीक कोर. मधोमध ती भिंत उभी, आजूबाजूला पानझड झालेले ओक वृक्ष, फांद्या वेड्यावाकड्या, जणू वेदनेने पिळवटलेल्या. बर्फात कलंडलेले क्रूस. अगदी पुढे एक नुकतीच खणलेली कबर. वरवर पाहणाऱ्याला चित्र येथेच संपते. पण डोळे काळोखाला सरावले की खाली हालचाल दिसू लागते. मठवासी चालले आहेत. त्यांनी शवपेटी उचललेली आहे. दोन दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात ते त्या छप्पर नसलेल्या चर्चच्या दारातून आत शिरत आहेत.

कबर बाहेर आहे, पुढे खणून तयार आहे; तरी ते तिला मागे टाकून आत चालले आहेत. आत काय उरले आहे? वेदी नाही, छप्पर नाही. ऐतिहासिक सत्य पाहू जाता १८१० साली एल्डेनात मठवासीच नव्हते. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच त्यांची पांगापांग झाली होती. म्हणजे टर्नरने जे होते त्यातले वगळले, तर फ्रीडरिशने जे नव्हते ते आणून घातले. दोघांनीही वस्तुस्थितीला सोडचिठ्ठी दिली असे कोणी म्हणेल, आणि ते नाकारता येणार नाही. शिवाय फ्रीडरिशच्या चित्रातही विटा पळवणारे हात नाहीतच. आम्ही मात्र या दोन लबाड्या एका तराजूत तोलू शकत नाही. टर्नरच्या चित्रातून बाहेर पडताना आपण म्हणतो, किती सुंदर! फ्रीडरिशच्या चित्रासमोर आपण विचारतो, कोण गेले? त्या शवपेटीत कोण आहे? हा प्रश्न ज्या वास्तूत विचारता येतो ती निव्वळ देखावा राहत नाही.

आमच्यासारख्या सेमिनरीत धर्मशास्त्र शिकलेल्याला येथे आणखी एक गोष्ट बोचते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२१२ वा नियम सांगतो, की पवित्र स्थळाचा बहुतांश भाग नष्ट झाला तर त्या स्थळाला मिळालेले समर्पण किंवा आशीर्वाद लोप पावतो. नियम शहाणपणाचा आहे. आपण दगडविटांची पूजा करीत नाही. वेदी जेथे भक्तगण जमतात तेथे असते. या नियमाने पाहता एल्डेना ही केवळ एक पडकी भिंत आहे. आणि हा लुथरन चित्रकार तिच्या दारातून अंत्ययात्रा आत नेतो! तो नियमाविरुद्ध बोलत नाही, त्याला नियम ठाऊकही असण्याचे कारण नाही. पण नियमाचा गाभा त्याला आमच्यापैकी कित्येकांहून अधिक उमगला होता असे वाटते. समर्पण भिंतीचे गेले, तरी चालत येणाऱ्यांचे गेलेले नाही.

समकालीनांना हे पचले नाही असे नव्हे. 'ओकच्या वनातील मठ' आणि त्याचे जोडचित्र 'समुद्रकाठचा मठवासी' बर्लिनच्या अकादमीत १८१० साली मांडले गेले तेव्हा ती दोन्ही प्रशियाच्या राजाने विकत घेतली, आणि आज ती बर्लिनच्याच राष्ट्रीय चित्रसंग्रहात शेजारी शेजारी आहेत. परंतु त्याच्या आधीच्या एका वेदीचित्रावरून, निसर्गचित्राने वेदीवर चढण्याचे धाडस करावे काय, असा वाद एका टीकाकाराने घातला होता. आम्हांला तो वाद निरर्थक वाटत नाही. निसर्ग म्हणजे देव नव्हे, आणि धुके म्हणजे पवित्र आत्मा नव्हे. फ्रीडरिशच्या काही चित्रांत ही सीमा पुसट होते; कमी प्रतीच्या त्याच्या अनुकरणकर्त्यांत तर ती पार बुडून जाते आणि मग क्रूस हा बर्फातल्या झाडासारखाच एक शोभेचा आकार उरतो. घरोघरच्या नाताळच्या शुभेच्छापत्रांवर हे आपण पाहतोच. 'ओकच्या वनातील मठ' या दोषातून सुटते ते त्या शवपेटीमुळे. धुक्याला वजन नसते, शवपेटीला असते. ती वाहून नेणाऱ्यांची पावले जड आहेत.

एल्डेनाच्याच १८२५ च्या सुमाराच्या दुसऱ्या एका चित्रात शवपेटी नाही, यात्रा नाही. भग्न भिंतीला टेकून एक बुटकी झोपडी आहे आणि तिच्याजवळ दोन माणसे. असे घर तेथे खरोखरच होते. टिंटर्नची ती अपंग स्त्री जणू येथे चित्रात आली आहे. या वेळी चित्रकाराने तिच्याकडे पाठ फिरवली नाही. चित्र लहान आहे, फारसे गाजलेलेही नाही. आम्हांला ते फार आवडते.

आणि मग ते तिसरे, जे आता पाहताच येत नाही. 'बर्फातील मठाची दफनभूमी' हे १८१७ ते १८१९ या काळातले चित्र. पुन्हा भग्न चर्च, पुन्हा निष्पर्ण वृक्ष, पुन्हा मठवासीयांची रांग. १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, बर्लिनमध्ये ते जळाले. भग्न चर्चचे चित्र स्वतःच युद्धात भस्मसात झाले! त्याची काळीपांढरी छायाचित्रे तेवढी उरली आहेत. ते 'काळाच्या ओघात' नाहीसे झाले असे मात्र कोणी लिहीत नाही. कारण तेथे वर्ष ठाऊक आहे आणि आग ठाऊक आहे.

येथून वसईच्या किल्ल्याकडे यावयाचे तर मध्ये फार अंतर नाही. किल्ल्यातल्या भिंतींनाही तारीख आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर किल्ला घेतला. युद्धात जिंकलेल्यांनी घंटा नेल्या. १७२१ सालाची एक नाशिकला पंचवटीतल्या नारोशंकराच्या मंदिरात आजही आहे. आणि त्याच न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की पोर्तुगिजांनी आपल्या अमलात वसईतली आणि गोव्यातली देवळे पाडली होती. तारखा सांगावयाच्या तर दोन्ही बाजूंच्या सांगाव्या लागतात. बहुधा म्हणूनच 'काळाचा ओघ' आपल्या सर्वांना सोयीचा वाटतो. त्यात कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. शेजाऱ्याशी भांडण नको, ही भावना आम्ही समजू शकतो आणि तिचा आदर करतो. पण खरे सांगितल्याने भांडण होतेच असे नाही. नारोशंकराच्या घंटेखाली उभे राहून भांडणारा ख्रिस्ती माणूस आम्हांला अद्याप भेटलेला नाही. घंटा अजून वाजते याचा आनंद झालेले भेटले आहेत.

आमची तक्रार आपल्या चित्रकारांविषयी आहे, आणि ती आपुलकीची आहे. त्यांच्या वसईत भिंत आहे, वड आहे, मावळतीचा प्रकाश आहे. गिल्पिन यांना आवडावी अशी ती वसई आहे. अलीकडे तर लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी जोडपी तेथे येतात. २०१६ साली एका प्रसिद्ध इंग्रजी वाद्यवृंदाच्या गीताच्या चित्रफितीतही हा किल्ला झळकला. कॅमेऱ्याला भिंत रिकामी लागते. पण किल्ला रिकामा नसतो. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचा सण दर वर्षी किल्ल्यात साजरा होतो. त्या दिवशी गावोगावचे लोक येतात. लाल लुगड्यातल्या आज्या नातवंडांचा हात धरून तटाच्या दारातून आत शिरतात. ज्यांना भिंतींची तारीख पाठ नाही अशांनाही भिंतींच्या आत जावेसे वाटते. हे चित्र आम्ही अद्याप कोठल्याही स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर पाहिलेले नाही. कोणी काढणार असेल तर त्याने मांडवाचे कापड, ध्वनिक्षेपकाचे भोंगे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या वगळू नयेत. मावळतीऐवजी सकाळी साडेआठाचे ऊन चालेल.